बंदुकीची लाथ आणि हुकलेला नेम: १२ बोर आणि ३०-०६ चा धक्का कसा सांभाळायचा

भाऊ, तुमची अडचण थोडक्यात अशी. मोर्शीकडे संत्र्याची बाग आहे, पीकसंरक्षणाचा परवाना आहे, घरात वडिलांच्या काळातली १२ बोरची दुनळी आहे आणि आता ३०-०६ ची रायफल घेतली आहे. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, चार-पाच गोळ्यांतच खांदा काळानिळा झाला, एकदा रायफलीवरच्या दुर्बिणीनं भुवई फोडली, आणि पहिली गोळी बरोबर लागली तरी नंतरच्या सगळ्या खाली जातात. म्हणून विचारताय की जाड गादी लावू, नळीच्या तोंडावर ब्रेक, म्हणजे वायू वळवून धक्का कमी करणारा तुकडा, बसवू, की रायफल विकून कमी धक्क्याची .३१५ बोरची घेऊ.

विकू नका. तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं आहेत. खांदा काळा पडतो कारण दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकणारा लाकडी भाग, तुमच्या मापाचा नाही किंवा चुकीच्या जागी टेकतोय. भुवई फुटते कारण दुर्बीण फार मागे बसवली आहे किंवा रायफल सैल धरली जाते. गोळ्या खाली जातात त्या मात्र धक्क्याने नाही, धक्क्याच्या धास्तीने. जाड गादीने पहिली तक्रार अर्धीमुर्धी कमी होईल, उरलेल्या दोन तशाच राहतील. कान, माप, पकड आणि सराव या क्रमाने गेलात तर गादी-ब्रेकची पाळी येईपर्यंत बहुतेक काम झालेलं असेल.

आधी धक्का किती ते आकड्यांत पाहू, कारण ‘रायफल जास्त लाथ मारते’ हा समज बराचसा चुकीचा आहे. गोळी आणि दारूचा वायू जेवढ्या जोराने पुढे जातात, तेवढ्याच जोराने बंदूक मागे येते. ३०-०६ ची १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगाने सुटते आणि मागे साडेतीन ग्रॅम दारू जळते. रायफल दुर्बिणीसकट ३.६ किलोची धरली तर ती सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने मागे येते आणि धक्क्याची ऊर्जा ३० ज्यूलच्या आसपास बसते. आता तुमची दुनळी घ्या. ३२ ग्रॅम छर्रे, ३ किलोची बंदूक. हिशेब ३२ ज्यूलच्या घरात जातो आणि मागे येण्याचा वेग ४.६ मीटर. म्हणजे ज्या दुनळीची तुम्हाला सवय आहे ती या नव्या रायफलपेक्षा कमी लाथ मारत नाही, उलट थोडी जास्तच मारते. .३१५ घेतली तर धक्का नक्की कमी होईल, पण पाव ते एक तृतीयांशानेच. खरा मोठा फरक .३७५ मॅग्नमला पडतो. ४.१ किलोच्या रायफलीतून ३०० ग्रेनची गोळी मारली की ५४ ज्यूल. आणि .४५८ ला ८० ज्यूलच्या आसपास. पिकाच्या राखणीला या दोन्हींची गरज नाही, त्यामुळे त्यांचा विषय फक्त तुलनेपुरता.

मग दुनळीने जे होत नाही ते रायफलीने का होतं? दुनळी आपण उभ्याने, हलत्या अंगाने, पटकन खांद्याला लावून मारतो. अंग मागे झुलतं आणि धक्का निघून जातो. रायफल बाकावर टेकवून, श्वास रोखून, एक डोळा दुर्बिणीत खुपसून मारतो. अंग जागच्या जागी बांधलेलं असतं आणि धक्का येणार हे कळायला पुष्कळ वेळ मिळतो. वर आवाज. रायफलीचा आवाज दुनळीपेक्षा तिखट आणि टोचरा असतो.

आवाजापासूनच सुरुवात करा. मोठ्या रायफलीचा आवाज मारणाऱ्याच्या कानाशी १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि १४० च्या वरचा असा एकच आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो. शरीर खांद्याच्या दुखण्यापेक्षा या आवाजाला जास्त घाबरतं, पण मनाला वाटतं की खांदाच दुखतोय. केमिस्टकडे किंवा औद्योगिक सुरक्षा साहित्याच्या दुकानात फोमचे इअर प्लग मिळतात. ते बोटांत पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचलेला प्लग काही कामाचा नाही. रेंजवर त्यावर इअरमफ्सही चढवा. दोन्ही लावून पाच गोळ्या मारल्या तरी अनेकांना रायफल बदलल्यासारखी वाटते. एक लक्षात घ्या, मफ्सची जाड वाटी दस्त्यावर आपटत असेल तर गाल नीट टेकत नाही. पातळ वाटीचे घ्या.

आता माप. रायफल रिकामी आहे हे बोल्ट उघडून, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून तपासा. नेहमी घालता तोच सदरा घालून ती खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा. उजव्या हाताच्या अंगठ्याचं मूळ आणि तुमचं नाक यात दोन-तीन बोटांचं अंतर हवं. एक बोटापेक्षा कमी असेल तर दस्ता आखूड आहे, अंगठा नाकावर बसेल. चार बोटांच्या वर असेल तर लांब आहे. लांब दस्त्यात माणूस बंदूक खांद्याच्या खळग्यात न लावता दंडाच्या गोट्यावर नेतो, आणि काळेनिळे डाग दंडाच्या बाजूला उमटतात. आरशात पाहा, तुमचा डाग कुठे आहे? गळ्याच्या हाडावर असेल तर दस्ता फार आत आणि वर लागतोय. दंडावर असेल तर फार बाहेर. योग्य जागी लागत असेल तर डाग हाडाच्या खाली, काखेच्या आत, छातीच्या स्नायूवर पडतो, आणि तिथे सहसा डाग पडतच नाही.

कारखान्यातून येणारे बहुतेक दस्ते चाप ते शेवट असे ३४ सेंटिमीटरच्या जवळपास असतात. पाच फूट दहा इंच माणसाला ते ठीक, पाच-चार उंचीला लांब. त्यात तुम्ही वरून चढवायची, मोज्यासारखी रबरी गादी लावली तर आणखी दोन-अडीच सेंटिमीटर वाढतात. म्हणूनच ‘गादी लावल्यावर जास्त लागतं’ ही तक्रार ऐकू येते. गादी कायमची बसवायची तर दस्ता तेवढा कापून गादी स्क्रूने बसवावी लागते, आणि ते परवानाधारक गनस्मिथकडूनच, म्हणजे बंदूक-कारागिराकडूनच. गावातल्या सुताराकडे बंदूक सोडून येणं हा कायद्याने गुन्हा आहे आणि दस्ताही तो चुकीचा कापतो. पंचवीस मिलिमीटर जाडीची, फार मऊ नसलेली गादी ३०-०६ ला पुरते. फार मऊ गादी पूर्ण दबून तळाला लागते आणि मग तिच्यामागचं लाकूड जास्तच जाणवतं. जुन्या बंदुकीवर गादी आधीच असेल तर नखाने दाबून पाहा. आपल्याकडच्या उन्हात पंधरा-वीस वर्षांत रबर दगड होतं. ते दिसायला गादी, पण लाकडाइतकंच लागतं.

थंडीत जागलीला जाताना स्वेटर आणि वरून जाकीट. दस्ता दीड सेंटिमीटर लांब झाल्यासारखा होतो. उन्हाळ्यात रेंजवर पातळ शर्टावर माप जुळवलं आणि डिसेंबरच्या रात्री मचाणावर रायफल खांद्याला अडकली, असं होतं. मधलं माप ठेवा आणि थंडीत जाड जाकिटाऐवजी दोन पातळ थर घाला, उजव्या खांद्यावर पट्टा किंवा बटण येऊ देऊ नका.

दस्त्याची वरची धारही पाहा. जुन्या काही दस्त्यांचं मागचं टोक खूप खाली उतरलेलं असतं. अशी बंदूक मागे येताना तोंड वर फेकते आणि लाकूड गालावर थप्पड मारतं. दुर्बीण लावल्यावर तर डोळा वर न्यायला गाल उचलावाच लागतो आणि गाल हवेत राहतो. उपाय सोपा आहे. दस्त्यावर दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा फोम ठेवून चामडी किंवा कॅनव्हासच्या पट्ट्याने घट्ट बांधा, इतका की डोळे मिटून गाल टेकवला आणि डोळे उघडले की समोर पूर्ण गोल दिसला पाहिजे. बांधल्यावर बोल्ट पूर्ण मागे येतो ना, ते तपासा.

भुवईची गोष्ट इथेच मिटवू. दुर्बिणीच्या मागच्या काचेपासून डोळा ८० ते ९० मिलिमीटर लांब हवा. बसवताना दुर्बीण सर्वांत मोठ्या पॉवरवर ठेवा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, डोळे उघडा. मान पुढे-मागे न करता पूर्ण चित्र दिसेल अशा जागी दुर्बीण आणा आणि मग पाच-सात मिलिमीटर आणखी पुढे सरकवा. बसलेल्या अवस्थेत हे एकदा करा, पोटावर झोपून एकदा. झोपल्यावर डोकं आपोआप पुढे येतं, म्हणून झोपून मारणाऱ्यांचीच भुवई जास्त फुटते. चढावर वरच्या बाजूला मारतानाही तेच.

पकडीवर जरा थांबतो, कारण इथेच सगळ्यांचं चुकतं. लोक दोन टोकांना जातात. एक जण धक्क्याला घाबरून रायफल खांद्यापासून बोटभर लांब, सैल धरतो. मग रायफलीला ते बोटभर अंतर धावायला मिळतं आणि ती खांद्यावर आपटते. दुसरा सगळं बळ लावून आवळतो. हात थरथरतात, क्रॉस (दुर्बिणीतली नेम धरायची फुली) नाचतो, आणि अंग लाकडासारखं ताठ झाल्यामुळे धक्का पूर्ण खांद्यावरच जिरतो. बाजारात हमाल कापसाचं गाठोडं पाठीवर घेताना जसं गुडघ्यात किंचित नमून ते अंगात उतरवून घेतो, तसं इथे करायचं असतं. बंदूक खांद्याशी घट्ट, पण खांद्यामागचं अंग मोकळं.

प्रत्यक्षात असं करा. उजवा कोपर जमिनीला समांतर नको, साधारण ४५ अंशावर खाली. कोपर थोडा वर उचलला की खांद्यात खळगा तयार होतो, तो शोधा, दस्त्याचा वरचा कोपरा त्यात बसवा. पूर्ण गादी अंगाला टेकली पाहिजे. फक्त खालचं टोक टेकलं तर ते छातीत रुतेल. उजव्या हाताची शेवटची तीन बोटं रायफल सरळ मागे ओढून धरतात, हात मिळवताना जेवढा जोर लावतो तेवढाच. चाप ओढणाऱ्या बोटावर हा जोर येऊ द्यायचा नाही. अंगठा पकडीवरून गुंडाळायला हरकत नाही, पण .३७५ सारख्या रायफलीत तो बाजूलाच ठेवा, नाहीतर नाकाशी भेट ठरलेली. डावा हात पुढच्या लाकडाला खालून धरून हलकेच मागे ओढतो. पुस्तकी नेमबाजीत डावा हात नुसता आधार देतो, ते .२२ सारख्या लहान, जेमतेम धक्क्याच्या रायफलीला ठीक. ३०-०६ आणि त्यावरच्यांना डाव्या हाताची पकड हवीच. गालाचं हाड दस्त्यावर वजन टाकून टेकवा. हलका टेकवलेला गालच मार खातो, दाबून टेकवलेला दस्त्याबरोबर मागे जातो.

उभ्याने मारताना डावा पाय पुढे, गुडघे किंचित सैल, छाती पुढे झुकलेली, वजन पुढच्या पायाच्या पंजावर. मागे झुकून पोट पुढे काढून उभं राहणं ही आपल्याकडची नेहमीची सवय. त्यात धक्का बसला की माणूस एक पाऊल मागे जातो, आणि मचाणावर मागे पाऊल टाकायला जागा नसते.

बाकावरची बैठक वेगळी. रेंजवरचा बाक बहुधा बुटका, आणि माणूस त्यावर जवळजवळ झोपतो. मग गळ्याचं हाड थेट धक्क्याच्या रेषेत येतं. पुढची वाळूची पिशवी उंच करा, खाली विटा ठेवा, पण पाठ ताठ बसून मारा. ताठ बसलेलं धड धक्क्याने मागे डुलू शकतं. पिशवी पुढच्या लाकडाखाली हवी, नळीखाली कधीच नाही, आणि विटेवर किंवा लोखंडावर सरळ लाकूड टेकवू नका, रायफल उसळते आणि गोळी वर जाते. खांदा आणि दस्ता यांच्यामध्ये दोन-तीन किलो कोरड्या धानाच्या कोंड्याची किंवा वाळूची चपटी पिशवी ठेवून झिरो करून घेतलं (क्रॉस गोळी लागते त्या जागेशी जुळवला) तरी चालतं, तेवढ्यापुरती खांद्याची सुटका होते. पण जड स्टँडमध्ये रायफल पूर्ण अडकवून, त्यावर वजनं टाकून मारू नका. रायफलीला हलायला जागाच नसली की तो मार दस्त्याच्या लाकडाला आणि दुर्बिणीच्या आतल्या भागांना बसतो. चापामागे लाकूड चिरलेल्या रायफली बऱ्याचदा अशाच वापराने गेलेल्या असतात.

मचाणाबद्दल तीन गोष्टी. पहिली, खांबाला किंवा झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून मारू नका. अंगाला मागे जायला जागा नसली की तोच धक्का दुप्पट वाटतो. पाठीमागे वीतभर मोकळं सोडा. दुसरी, कठड्याच्या बांबूवर रायफल सरळ टेकवू नका, घोंगडीची घडी टाका आणि त्यावर डावा हात, हातावर रायफल. तिसरी, मचाणावरून खाली मारताना फक्त डोकं आणि हात खाली वाकवले की दस्ता खांद्यावरून वर सरकतो, त्याचं नुसतं खालचं टोक टेकतं. कमरेतून सगळं अंग वाकवा, म्हणजे खांदा, गाल आणि डोळा यांचं नातं तसंच राहील. जमिनीला समांतर जसं मारता तसंच्या तसं, फक्त कंबर मोडलेली. आणि कमरेला दोर.

आता धास्ती. गोळी नळीत असते ती जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग, आणि तेवढ्यात ३०-०६ ची रायफल मागे सरकते फक्त २ मिलिमीटर. तुम्हाला जाणवणारा सगळा धक्का गोळी निघून गेल्यानंतरचा आहे. म्हणजे धक्क्याने गोळी फूटभर खाली जाणं शक्यच नाही. ती खाली जाते कारण चाप दाबण्याच्या क्षणी तुम्ही खांदा पुढे टाकता, मूठ आवळता, डोळा मिटता. नळीचं तोंड खाली झुकतं आणि मग गोळी सुटते. धक्का इतका मोठा असतो की ही हालचाल त्यात झाकली जाते आणि मारणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. म्हणून कुणी ‘अंग चोरता’ म्हटलं की बहुतेक जण शपथेवर नाकारतात.

पकडायचा मार्ग एकच खात्रीचा आहे. रेंजवर जोडीदार घ्या. त्याच्याकडे खरी काडतुसं आणि स्नॅप कॅप, म्हणजे दारू नसलेलं सरावाचं काडतूस. तुम्ही समोर पाहायचं, त्याने प्रत्येक वेळी तुमच्या नकळत एक घालायचं, कधी खरं, कधी खोटं, कसलाही क्रम न ठेवता. खोट्यावर चाप दाबला गेला आणि तोंड खाली झुकलं की दोघांनाही दिसतं. मग प्रमाण बदला, चार-पाच खोट्यांमागे एक खरं. तोंड खोट्यावर स्थिर राहायला लागेपर्यंत हेच चालू ठेवा. खऱ्या गोळ्या एका बैठकीत ३०-०६ च्या आठ-दहापेक्षा जास्त नकोत. पहिलं झुकणं दिसलं की त्या दिवसापुरती मोठी रायफल बाजूला ठेवा. दुखऱ्या खांद्यावर मारलेली प्रत्येक गोळी धास्तीच पक्की करते. रेंजवर .२२ मिळत असेल तर बैठकीचा शेवट दहा-पंधरा .२२ च्या गोळ्यांनी करा.

परवान्यावरच्या काडतुसांच्या मर्यादेत घरचा कोरडा सरावच जास्त करावा लागतो, आणि तो पुरतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, बंदूक दोनदा तपासलेली, तोंड जाड मातीच्या भिंतीकडे. दुनळीत स्नॅप कॅपशिवाय कोरडा चाप ओढू नका, जुन्या फायरिंग पिना तुटतात. .२२ तर कोरडी मारूच नये. नळीच्या तोंडाजवळ एक रुपयाचं नाणं ठेवा आणि ते न पडता चाप सुटेपर्यंत दाबा. रोज दहा-पंधरा वेळा, तीन आठवडे. चाप टप्प्याटप्प्याने वाढत्या दाबाने दाबायचा, नेमक्या कोणत्या क्षणी सुटतो ते तुम्हालाच कळता कामा नये. सुटल्यावर बोट लगेच सोडू नका, एक श्वासभर तसंच दाबून धरा आणि क्रॉस कुठे होता ते मोठ्याने म्हणा. सांगता आलं नाही तर डोळा मिटला होता. चाप दोन किलोपेक्षा जड किंवा खरखरीत असेल तर कितीही सराव केला तरी झटका जाणार नाही, तो गनस्मिथला दाखवा.

छर्ऱ्याच्या एअर रायफलीवर सराव करावा का, असंही बरेच जण विचारतात. .१७७ ची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याविना ठेवता येते आणि चापासाठी ती चांगली आहे. पण स्प्रिंगवाली रायफल आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देते, त्यामुळे ती सैल हातात धरावी लागते. ती पकड ३०-०६ वर आणू नका. तुमची मोठ्या रायफलीची दुर्बीणही तिच्यावर चढवू नका, पुढच्या झटक्याने ती बिघडते.

दुनळीच्या काही खास खोडी आहेत. मधल्या बोटाचं पेर सुजत असेल तर ते चापाच्या कड्याला चिकटलेलं असतं, अर्धा सेंटिमीटर मागे घ्या. एका चापाला हात लावल्यावर दोन्ही नळ्या एकदम सुटल्या असतील तर बंदूक वापरणं लगेच थांबवा आणि ती गनस्मिथकडे न्या. दोन नळ्या एकदम सुटल्या की जोर दुप्पट, पण धक्क्याची ऊर्जा चौपट होते. ३२ ज्यूलचे सव्वाशेच्या वर जातात, आणि त्यात गळ्याचं हाड मोडू शकतं. नळीच्या बुडाशी चेंबरची लांबी कोरलेली असते ती वाचा. बऱ्याच जुन्या इंग्लिश-बेल्जियन दुनळ्यांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज मावतं, कारण सुटण्याआधी तोंड दुमडलेलं असतं. पण सुटताना ते उलगडायला जागा उरत नाही, दाब वाढतो, धक्काही वाढतो, आणि जुनी नळी हा दाब किती वेळा सोसेल ते सांगता येत नाही. छर्ऱ्यांचं वजनही पाहून घ्या. त्याच बंदुकीत २८ ग्रॅमला २६ ज्यूल, ३६ ग्रॅमला ४०. सरावाला २८ चंच घ्या. ३०-०६ मध्ये गोळी १८० ऐवजी १५० ग्रेनची घेतली तर मात्र दोन-तीन ज्यूलचाच फरक पडतो, कारण हलकी गोळी जास्त वेगाने जाते. त्यासाठी खर्च करू नका. घरी काडतूस भरून दारू कमी करायचा विचारही नको, परवान्याविना तो गुन्हा आहे.

ब्रेकचं गणित बघा. ब्रेक फक्त वायू वळवतो. ३०-०६ मध्ये एकूण जोरातला तिसरा हिस्सा वायूचा असतो, म्हणून तिथे चांगला ब्रेक धक्का ३० ते ५० टक्क्यांपर्यंत उतरवतो. १२ बोरमध्ये वायूचा हिस्सा दहाव्या भागाहूनही कमी, तिथे ब्रेकचा किंवा नळीला भोकं पाडण्याचा खटाटोप जवळपास फुकट. किंमत मोजावी लागते ती आवाजात. मारणाऱ्याच्या आणि शेजारच्याच्या कानावर तो स्फोट येतो. आधी सांगितलेल्या धास्तीचं मूळच आवाजात आहे, म्हणून पहिला उपाय म्हणून ब्रेक मला पटत नाही. आवाज दाबणारी नळकांडी म्हणाल तर आपल्या शस्त्र कायद्यात ती निषिद्ध वर्गात येतात, विषय संपला. त्यापेक्षा वजन वाढवा. दस्त्याच्या मागच्या पोकळीत ४५० ग्रॅम शिशाचे छर्रे कापडात घट्ट बांधून भरले तर ३० ज्यूलचे २७ च्या आत येतात. खुळखुळणार नाहीत असे भरा. रायफल मात्र मागे जड होईल, खांद्यावर घेऊन चालताना जाणवेल. मचाणावर बसून राखण करणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

देखभालीचं थोडं. चापाच्या पुढचा आणि मागचा, असे दोन मोठे स्क्रू रायफलीचं लोखंड लाकडाला बांधतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मे महिन्यात आकसतं, स्क्रू सैल होतात. मग प्रत्येक गोळीला लोखंड लाकडावर मागे आपटतं, धक्का बेताल लागतो आणि एक दिवस चापामागे उभी चीर दिसते. रोहिण्या लागण्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा स्क्रू तपासा, दुर्बिणीच्या रिंगांचेही. काडतुसं उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. दारू तापली की दाब आणि वेग वाढतो, धक्काही वाढतो आणि झिरोही हलतो. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड हाताला चटका देतो, काडतुसांचं काय होत असेल ते बघा.

डुकराला किंवा रोह्याला (नीलगायीला) मारायची परवानगी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याकडून लेखी मिळाल्याशिवाय यातलं काहीही वावरात वापरायचं नाही, आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावर धुऱ्याशी टारगेट लावून सराव करता येत नाही. सराव अधिकृत रेंजवरच. छातीत पेसमेकर बसवलेला असेल, डोळ्याच्या पडद्याचं किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल, किंवा खांद्याचं हाड पूर्वी मोडलेलं असेल तर आधी त्या डॉक्टरला विचारा. पेसमेकर ज्या बाजूला आहे त्या खांद्याला मोठी रायफल लावू नये, तारा तुटू शकतात.